दहा पानं

शनिवारी दुकान बंद राहील,
असा कागद लावलाय शटरवर.
कारण लिहिलं नाही.
कोर्टाच्या गल्लीत कारण लिहिलं
की लोक त्याचीही एक प्रत मागतात.

सव्वीस वर्षं मी लोकांचं लिहिलेलं काढून देते.
सातबारा, वारसदाखले, घटस्फोटाचे अर्ज,
कुणाच्या तरी मामाचं मृत्युपत्र, दोन्ही बाजूंनी.
वाचायचं नाही, हा धंद्याचा नियम.
तो मी एकदाही पाळलेला नाही.

मेळाव्याचा फॉर्म भरताना
लेखकाचे नाव इथवर हात सरळ गेला:
हेमलता यशवंत खैरनार, पवननगर, सिडको.
प्रकाशित पुस्तके या रकान्यात आधी रेघ मारली.
रेघ फारच ठाम दिसली
म्हणून ती खोडून लिहिलं, ‘अद्याप’.
खाडाखोडीशेजारी सही लागते,
सवयीनं तीही केली.

प्रत्येकाला दहा मिनिटं.
टेबलापलीकडे प्रकाशक, अलीकडे मी.
सोबत कादंबरीची पहिली दहा पानं आणावीत,
एकाच बाजूला छापलेली.

चार दिवस झाले, सराव चाललाय.
बोरस्ते काका स्टॅम्प विकता विकता प्रकाशक होतात,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारतात,
‘हं बाई, विषय काय तुमचा?’
मी तोंड उघडते
आणि कुणाला तरी पाचशेचा स्टॅम्प हवा असतो.
सय्यदभाई टायपिंग थांबवून म्हणाले,
‘एका वाक्यात सांगा ताई,
जज्जसुद्धा पहिलंच वाक्य ऐकतो.’
एका वाक्यात:
एक बाई दुसऱ्याचं पत्र चुकून स्वतःकडे ठेवते
आणि तीस वर्षं त्याचं उत्तर लिहीत राहते.
‘बरं, मग पुढं?’ काका म्हणाले.
माझ्या अंगावर काटा आला.
ते गिऱ्हाइकाशी बोलत होते.

चैत्राली फोनवर म्हणते, खादी नेस, लेखिका वाटशील.
मी मोरपिशी काढली.
पदरावर टोनरचा डाग आहे,
खोचला की दिसत नाही.
पण नाशिकची थंडी नऊ अंशांवर आलीय,
वरून स्वेटर चढणारच,
साडीचा प्रश्न तिथंच मिटला.

रात्री शटर अर्धं ओढून मशीन चालू केलं.
स्थळं शोधणाऱ्यांच्या बायोडाट्याला देते
तो जाड, पांढराशुभ्र कागद घातला.
दहावं पान संपतं तिथं
‘ती दार उघडून म्हणाली,’
आणि काय म्हणाली ते अकराव्यावर.

अकराव्याच्या चार ओळी कापून
दहाव्याखाली चिकटवल्या
आणि ब्याण्णव टक्क्यांवर घेतलं, तर बसतं.
वकिलांना हे रोजच करून देते.
करून पाहिलं. बसलं. सांधाही दिसेना.
अक्षरं मात्र अंग चोरून उभी,
परक्या घरी जेवायला बसवलेल्या पोरांसारखी.
फाडलं ते.
म्हणू दे तिला काय म्हणायचं ते नंतर.

शेवटच्या पानाखाली हात आपसूक शिक्क्याकडे गेला:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
व समजुतीप्रमाणे खरा आहे.
पॅडवर टेकवला आणि थांबले.
अशी बाई कधी नव्हती.
तिचं दार, तिची तीस वर्षं, सगळं माझ्या पदरचं.
पत्र मात्र होतं.
दुकान उघडलं त्या पहिल्याच हिवाळ्यात
कुणीतरी मशीनच्या काचेवर विसरून गेलं होतं.
मी वाट पाहिली.
दिवाळी गेली, दुसरी गेली.

शिक्का जागेवर ठेवला.
पानांचे वीस रुपये पर्समधून काढून
गल्ल्यात टाकले, हिशेब हिशेबाच्या ठिकाणी.
सव्वाआठची बस त्रिमूर्ती चौकात पकडायची,
गजर लावायचा, डबा नको, तिथं जेवण आहे.

निघताना झाकण उचलून पाहिलं,
काचेवर काही राहिलं तर नाही.